‘मुस्तफा’ : नाव घेतले, कथा राहिली

व्हिडिओ गेमला साहित्यविषयक नियतकालिकात स्थान असावे काय, असा प्रश्न काही वाचक करतील. ज्या कृतीने एका पिढीच्या दुपारी व्यापल्या, तिच्याकडे पाठ फिरवणे आम्हांस समीक्षेचे दारिद्र्य वाटते.

कळसाडीत एका रविवारी मिस्सानंतर दोन तरुण मोबाइलवर वाकून खेळताना आम्हांस दिसले. “हा मुस्तफा, फादर,” त्यांनी सांगितले. खेळाचे मूळ नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्यात कथा आहे, हेही नव्हते.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी काढलेला हा खेळ म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या, १९८७ पासून निघालेल्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन चित्रकथेवर तो आधारलेला आहे. घरगुती यंत्रांवर तो अधिकृतपणे कधीच आला नाही. खेळण्यासाठी पात्रे चार : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्याकडील पोरांनी मात्र पिवळ्या टोपीच्या, चपळ मुस्तफाला नायक केले आणि त्याचेच नाव खेळाला दिले.

या आपलेपणाचे आम्हांस कौतुक आहे. पण ते अपुरे आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यांनी ओवी आपल्या मातीची घेतली, आशय मात्र हरवू दिला नाही. येथे नाव आपले झाले आणि आशय यंत्रातच राहिला.

तो आशय लहान नाही. माणसाने पृथ्वीची नासाडी केली, तो भूगर्भात दडला आणि शतकांनंतर वर आला, तेव्हा भूमीवर डायनासोर नांदत होते. त्यांची बेकायदा शिकार करणाऱ्यांना आवरणे हे नायकांचे कार्य. सृष्टी आपली मालमत्ता नव्हे, हेच २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही पोप फ्रान्सिस यांनी बजावले. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाचकाला याचे अधिक विवरण नको.

दोष आहे तो कथा आणि कृती यांच्या फारकतीत. संरक्षणाची कथा मुठींनी सांगितली जाते. मूळ कथेतील हॅना राजदूत व अभ्यासक आहे. येथे तिलाही मारामारीखेरीज काम नाही. डिवचलेला डायनासोर अंगावर येतो, तेव्हा ज्याला वाचवायचे त्यालाच बडवावे लागते. शिवाय, प्राण संपला की पडद्यावर आकडे उतरू लागतात. नाणे टाका आणि पुन्हा उभे राहा. पुनरुत्थान असे विकाऊ करणारे यंत्र गरिबाच्या मुलाला लवकर बाहेर काढते.

तरीही एक गुण मान्य केला पाहिजे. एका यंत्रावर तिघे खांद्याला खांदा लावून खेळत. पिंपातून अन्न निघाले, तर चांगला गडी ते स्वतः न उचलता, ज्याचा जीव थोडा उरला आहे त्या सोबत्यासाठी सोडी. हा नियम कंपनीने लिहिलेला नव्हता. तो मुलांनी घडवला, आणि आमच्या मते तोच या खेळातील सर्वांत मोलाचा भाग होय.

त्या दोघांना आम्ही कथा सांगितली. थोरला म्हणाला, “म्हणजे डायनासोरांना वाचवायचं होतं?” धाकट्याने खेळ थांबवला. समीक्षेने एवढा थांबा मिळवला, तरी पुष्कळ झाले.