‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ : एका निदानवाक्याची चिकित्सा

रत्नागिरीतील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकताच एक मराठी वाक्य दृष्टीस पडते. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशा अर्थाची ती पाटी असते. १९९४ च्या कायद्याखालील नियमांनी ती स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक केले आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालात मात्र मराठीचा मागमूस नसतो. अहवालातून समाजाच्या बोलण्यात उतरते ते एकच वाक्य : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर निघाले.’ या वाक्याची चिकित्सा हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप त्या जातीचा नाही. ‘ग्रेड’ हा शब्द परका आहे, हा त्याचा दोष नव्हे. तो ऐकणाऱ्यास भलताच अर्थ सांगतो, हा दोष होय.

प्रथम शब्दामागील वस्तू पाहू. सोनोग्राफीत यकृताची चकाकी शेजारच्या मूत्रपिंडाशी ताडून पाहतात. मेद वाढला की यकृत अधिक उजळ दिसते, ही पहिली श्रेणी. रक्तवाहिन्यांच्या भिंती पुसट झाल्या की दुसरी. खोलवरचा भाग व श्वासपटलच दिसेनासे झाले की तिसरी. श्रेणी ही अशी चकाकीची आहे आणि ती पाहणाऱ्याच्या नजरेवर पुष्कळशी अवलंबून असते. शिवाय सुमारे वीस-तीस टक्क्यांहून कमी पेशींत मेद असेल, तर ही पद्धती तो पुष्कळदा हेरू शकत नाही.

यकृताचे भवितव्य मुख्यत्वे ठरते ते मेदाच्या राशीवरून नव्हे, तर त्यात किती व्रणतंतू माजले यावरून. त्यांच्या अवस्था शून्य ते चार अशा मोजतात. फायब्रोस्कॅन हे यंत्र यकृतात कंपनलहर सोडते. यकृत जितके ताठर, तितकी ती लहर वेगवान. माप येते किलोपास्कलमध्ये. आठाच्या आत ते असल्यास व्रणतंतूंची प्रगत अवस्था बहुधा नसते. त्याच यंत्राचे दुसरे माप मेदाचे, ते डेसिबेल प्रतिमीटर असे. चुंबकीय अनुनादाची तपासणी मेदाचा अंश थेट टक्क्यांत सांगते.

आता घोटाळा ध्यानात येईल. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत ‘ए’ श्रेणी सर्वोत्तम, म्हणून कोणी ‘ग्रेड वन’ ऐकून निर्धास्त होतो. दुसरा ती कर्करोगाची पायरी समजून हादरतो. दोघेही चकाकीच्या श्रेणीला रोगाची अवस्था समजतात. वास्तविक व्रणतंतू पराकोटीस गेल्यावर यकृतातील मेद उलट घटू शकतो. म्हणजे श्रेणी उतरली आणि रोग मात्र चढला, असेही घडते! अशा वेळी शब्दाची चूक ही केवळ कोशकाराची चूक राहत नाही.

यावर पांडित्यपूर्ण संस्कृत प्रतिशब्द हा तोडगा नव्हे. मराठीचे स्वतःचे ‘काळीज’ मूळचे यकृतवाचकच. परंतु ते भावनेच्या प्रांतात गेले आणि यकृताच्या अर्थी ‘कलेजी’ तेवढी मटणाच्या दुकानात उरली. तेव्हा ‘यकृत’ वा ‘लिव्हर’ काहीही चालेल. तीन गोष्टींना तीन शब्द मात्र हवेत : मेदासाठी ‘श्रेणी’, यंत्राच्या मापासाठी ‘ताठरता’, आणि व्रणतंतूंसाठी ‘अवस्था’. ताठरता म्हणजेच व्रणतंतू असे लिहिणेही अयोग्य. कारण दाह किंवा नुकतेच झालेले जेवण यांनीही ताठरता वाढते.

इंग्रजीनेही आपली चूक सुधारलीच आहे. २०२३ साली तज्ज्ञांनी ‘फॅटी’ हे अवमानकारक विशेषण रोगनामातून वगळले व चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव दिले. त्याचे मराठी करताना ‘निगडित’च्या जागी ‘जन्य’ घालण्याचा मोह टाळावा. दोहोंत कार्यकारणाचे अंतर आहे.

अहवालाच्या तळाशी दोन मराठी ओळी पुरेत : काय मोजले आणि काय मोजलेले नाही. पाटीपुरते मराठी कायद्याने आले. रुग्णाच्या हातातील कागदापुरते ते विवेकाने यावे.