सर्व वयोगटांचे ख्रिस्ती संस्कार आणि नातेबांधणी : ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या जीवनात ‘संस्कार’ हा शब्द प्रामुख्याने बालकांच्या संदर्भात योजला जातो. बालकांसाठी रविवारची शाळा, तरुणांसाठी तरुण संघ, स्त्रियांसाठी महिला मंडळ आणि प्रौढांसाठी पाळकांचे प्रवचन, अशी विभागणी अनेक मंडळ्यांत रूढ आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एकाच घरातील आजी, आई आणि नात एकाच मंदिरात येतात व तीन ठिकाणी बसतात. प्रत्येकीला तिच्या वयाचा धडा मिळतो. मात्र एकमेकींची श्रद्धा कशी घडली, कोठे अडली, हे त्यांना कळत नाही. श्रद्धा ही शिकवण्याची गोष्ट आहे की सहवासातून रुजण्याची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठीत एक अत्यंत समर्थ साहित्यकृती उपलब्ध आहे, ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा आजवर मुख्यतः स्त्रीचे आत्मकथन, विनोद आणि अकृत्रिम शैली या अंगांनी झाली आहे. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन ख्रिस्ती जडणघडणीचा दस्तऐवज म्हणून केले आहे. ‘संस्कार’ हा शब्द येथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन इत्यादी विधींच्या अर्थाने नव्हे, तर जडणघडण या अर्थाने वापरला आहे.

वर्ग आणि घर : दोन प्रतिमाने

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये चालना दिलेली रविवारची शाळा मुळात कष्टकरी मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी होती. पुढे मिशनरी चळवळीबरोबर हे प्रतिमान जगभर पसरले. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत व १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जे कार्य उभारले, त्यात शाळा, छापखाना आणि नियतकालिक यांना मध्यवर्ती स्थान होते. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ आणि पुढे मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक निघाले. वयानुसार वाचक आणि वयानुसार धडा ही कल्पना या मार्गाने मराठी ख्रिस्ती समाजात स्थिरावली.

याच मिशनमागे असलेल्या काँग्रिगेशनल परंपरेत या प्रतिमानाला आव्हान देणारा विचारही जन्मला होता. होरेस बुशनेल या अमेरिकन धर्मचिंतकाने १८४७ मध्ये असे मांडले की, मूल एखाद्या नाट्यमय परिवर्तनाची वाट पाहत न राहता कुटुंबाच्या जीवनातूनच ख्रिस्ती म्हणून वाढावे. जॉन वेस्टरहॉफ यांनी १९७६ मध्ये शाळेच्या नमुन्यावर बेतलेल्या धर्मशिक्षणावर टीका करून श्रद्धावंत समुदायाच्या एकत्र जगण्याला महत्त्व दिले. मात्र या दोन्ही मांडण्यांत एक गृहीतक आहे. घर आधीच ख्रिस्ती आहे आणि वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे श्रद्धा जाणार आहे, असे त्या मानतात. पहिल्या पिढीतील मराठी ख्रिस्ती घराला हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे घरच दुभंगलेले होते.

दुभंगलेल्या घरातील संस्कार

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर या घटनेचा जबर आघात झाला. लहानगा मुलगा दत्तू (देवदत्त) यांना घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या एकत्र राहावयास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक आणि त्यांचे पाणी निराळे होते. ज्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते आणि त्या वेडापायी ज्यांच्या आईने अतोनात सोसले, अशा घरात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पाण्याचा हंडा ही साधी वस्तू नव्हती. धर्म म्हणजे काय, याचे उत्तर त्या हंड्यातच होते.

टिळकांनी पत्नीवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही, ही बाब संस्कारप्रक्रियेच्या दृष्टीने निर्णायक ठरते. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन कोणत्याही वर्गात घडले नाही. जातिभेद ईश्वराने नव्हे तर मनुष्याने निर्माण केले, हा विचार प्रथम त्यांच्या मनात उगवला. त्यानंतर परजातीच्या हातचे पाणी पिण्याची कृती आली आणि त्याहीनंतर, १९०० मध्ये, राहुरी येथे बाप्तिस्मा झाला. आधी सिद्धांत, मग विधी आणि शेवटी आचरण हा धर्मशिक्षणाचा प्रचलित क्रम येथे उलटला आहे. आधी पंगत बदलली, मग मत बदलले. नाते हे संस्काराचे फळ नसून त्याची भूमी आहे, असे ‘स्मृतिचित्रे’वरून म्हणता येते.

बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे मिशनची शाळा, ग्रंथवाचन आणि वादविवाद यांतून एक तरुण धर्मांतरापर्यंत पोहोचतो आणि नातेसंबंधांतील ताण ही त्या सत्यशोधाची किंमत म्हणून येते. ‘स्मृतिचित्रे’त मात्र नाते हे सत्यशोधाचे क्षेत्रच आहे. भांडण, रुसवा, थट्टा, आजारपण आणि पुन्हा एकत्र जेवण, या साऱ्यांतून लक्ष्मीबाई घडत जातात. औपचारिक शालेय शिक्षण नसलेली ही स्त्री ज्या विनोदाने स्वतःच्या सोवळ्याकडे वळून पाहते, तो विनोद हेच तिच्या जडणघडणीचे सर्वांत विश्वसनीय प्रमाण होय.

कोण कोणाला घडवितो?

सर्व वयोगटांच्या संस्कारांचा विचार करताना वयाने मोठा तो शिक्षक आणि लहान तो शिष्य, असे सहज गृहीत धरले जाते. ‘स्मृतिचित्रे’ हा क्रम मोडून काढते. आईवडिलांच्या दुराव्याच्या काळात लहान मुलगा हाच दोघांमधला दुवा राहतो. पुढे दुष्काळाच्या दिवसांत टिळकांच्या राहुरीच्या घरात निराधार मुले आली. त्यांच्या जातीपातीचा विचार करीत बसणे लक्ष्मीबाईंना शक्य नव्हते. भूक जात विचारीत नाही. त्या मुलांना जेवू घालणारी गृहिणी त्यांच्यावर संस्कार करीत होती, तशीच ती मुलेही नकळत तिच्यावर संस्कार करीत होती.

या परस्परतेचे साहित्यिक रूप दोन ठिकाणी दिसते. पहिले खुद्द ‘स्मृतिचित्रे’. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी गोळा करण्याच्या देवदत्त टिळकांच्या प्रयत्नातून आईचे लेखन सुरू झाले आणि ते चरित्राची चौकट ओलांडून आत्मचरित्र बनले. येथे मुलगा श्रोता आहे आणि म्हणूनच आई लेखिका झाली. दुसरे ‘ख्रिस्तायन’. ना. वा. टिळकांनी आरंभिलेले हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि अखेरची पूर्तता देवदत्तांनी केली. येशूचे एक चरित्र पती, पत्नी आणि मुलगा यांच्या हातून पूर्ण व्हावे, ही घटना ‘सर्व वयोगटांचे संस्कार’ या संकल्पनेचे मराठीतील सर्वोत्तम उदाहरण मानावयास हरकत नाही.

भजन-कीर्तन : वयाची भिंत नसलेली उपासना

घरातील ही परस्परता मंडळीच्या पातळीवर कशी आणावयाची, याचे एक उत्तर टिळकांनी भजन-कीर्तनात शोधले. ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग अहमदनगरच्या परिसरात त्यांच्या आधीपासून होत होते. टिळकांनी त्यास अभंग आणि पदरचनेचे बळ दिले. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाद्वारे आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात.

या निवडीचे महत्त्व मराठवाड्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको. परभणी तालुक्यातील पिंगळीसारख्या गावापासून ज्यांचे गंगाखेड दूर नाही, त्या संत जनाबाईंच्या परंपरेत दळण, कांडण आणि झाडलोट ही भक्तीचीच स्थाने आहेत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील (१९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यातीलच) नर्सी हे संत नामदेवांशी जोडलेले गाव आहे. या भूप्रदेशातील सप्ताहात टाळ धरणारा मुलगा, ध्रुपद उचलणारा प्रौढ आणि ओवी पाठ असलेली म्हातारी एकाच वर्तुळात असतात. मुलास अभंगाचा अर्थ तेव्हा कळत नाही. ताल मात्र लागतो आणि अर्थ पुढे आयुष्यभर उलगडत राहतो. निरक्षर आजी आणि शाळकरी नातू यांना एकाच वेळी, एकाच स्वरात सामावून घेण्याची ही क्षमता पाठ्यपुस्तकात नाही. टिळकांनी भजनाची केवळ चाल घेतली नाही, तर त्यामागील समूहरचनाही घेतली.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना होती. आधी नाते, मग सदस्यत्व असा हा क्रम असून तो राहुरीच्या घरातील अनुभवाशी सुसंगत आहे. दोनच वर्षांनी टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही.

मर्यादा

या मांडणीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा सामाजिक आहे. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य कुटुंबे महार, मांग आदी समाजांतून आली. सोवळे सोडणे हा लक्ष्मीबाईंचा संस्कार होता; ज्यांना त्या सोवळ्याने बाहेर ठेवले त्यांचा संस्कार निराळा होता. त्यांना शाळेचा वर्ग ही विभागणी नव्हे, तर अक्षराचा पहिला हक्क होता. म्हणून वर्गाचे प्रतिमान सरसकट नाकारणे हे अक्षर आधीच हाती असलेल्यांचे औदार्य ठरेल. दुसरी मर्यादा टिळकांच्या घराचीच आहे. नाते ही संस्काराची भूमी असली तरी ती भूमी समतल नव्हती. टिळकांचा उतावळेपणा, घरी न विचारता घेतलेले निर्णय आणि त्याचा पत्नीवर पडलेला भार लक्ष्मीबाईंनी लपविलेला नाही. कुटुंबाचा गौरव करणाऱ्या धर्मशिक्षणाने हा भाग वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. तिसरी मर्यादा भजनाविषयी आहे. केवळ परंपरा म्हणून पद गायिले आणि त्यावर घरात कोणी बोललेच नाही, तर एकत्र गाणेही निराळ्या खोल्यांत बसण्यासारखेच होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘स्मृतिचित्रे’त ख्रिस्ती जडणघडणीचा क्रम सहवास, आचरण आणि मग स्वीकार असा आहे, वयोगटनिहाय धर्मशिक्षणात तो बहुधा उलटा असतो.

२. या प्रक्रियेत वय हे शिक्षक व शिष्य ठरविण्याचे प्रमाण नाही. मूल आईला आणि अनाथ पोर गृहिणीला घडवू शकते.

३. भजन-कीर्तन हे सर्व वयांना एकत्र आणणारे माध्यम मराठी मंडळ्यांच्या हाती आधीच आहे. त्यासाठी परदेशी अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

४. रविवारच्या शाळेचे ऐतिहासिक ऋण, विशेषतः वंचित समाजांच्या संदर्भात, मान्य करूनच तिच्या विभागणीची चिकित्सा झाली पाहिजे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मंडळीने, आणि त्याहून अधिक त्यांच्या पतीने, एक गोष्ट केली : थांबण्याची तयारी ठेवली. निराळा हंडा घरात ठेवू देणाऱ्या या धीरामुळेच तो हंडा एके दिवशी आपोआप अनावश्यक झाला. सर्व वयोगटांसाठी कार्यक्रम आखणाऱ्या मंडळ्यांनी वेळापत्रकात या थांबण्यासाठी जागा ठेवली आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.