हानिरहित ध्वनिसंपीडन : एका दाव्याची समीक्षा

प्रस्तावना

बालगंधर्वांचे नागठाणे आणि पलुसकर घराण्याला आडनाव देणारे पलूस ही दोन्ही गावे कुंडलच्याच, म्हणजे पलूस तालुक्यातील. बालगंधर्व आणि द. वि. पलुसकर यांचे गायन आपल्यापर्यंत पोहोचले ते मोठ्या प्रमाणात ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. अशा ध्वनिमुद्रिका आता संगणकावर उतरवल्या जात असताना ‘हानिरहित’ हे विशेषण वारंवार वापरले जाते. या विशेषणाचा नेमका अर्थ आणि त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्राचे स्वरूप

सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने प्रत्येकी १६ बिटांत नोंदवले जातात. १९९९ मध्ये पुढे आलेल्या डीव्हीडी-ऑडिओने २४ बिट आणि ९६,००० नमुन्यांच्या सहा वाहिन्या देऊ केल्या. त्यासाठी सेकंदाला सुमारे १३.८ मेगाबिट लागत. तबकडीची मर्यादा मात्र ९.६ मेगाबिट होती. ही अडचण ‘मेरिडियन लॉसलेस पॅकिंग’ या पद्धतीने दूर केली. सुपर ऑडिओ सीडीसाठी ‘डायरेक्ट स्ट्रीम ट्रान्सफर’ ही वेगळी हानिरहित पद्धत योजली गेली.

अशा पद्धतींमागचे तत्त्व साधे आहे. आधीच्या नमुन्यांवरून पुढील नमुन्याचे अनुमान करायचे, अनुमान आणि प्रत्यक्ष मूल्य यांतील फरक तेवढा साठवायचा आणि वारंवार येणाऱ्या फरकांना आखूड संकेत द्यायचे. ऐकताना तेच अनुमान पुन्हा करून त्यात फरक मिळवला की मूळ संख्या बिटागणिक परत मिळते. एमपी३ मध्ये मात्र कानाला जाणवणार नाही असे मानलेला अंश कायमचा टाकून दिला जातो.

समीक्षा

तांत्रिक दृष्ट्या हा दावा निर्विवाद आहे. परंतु तो संख्यांविषयी आहे, गाण्याविषयी नाही. संख्या तयार होण्यापूर्वी जे हरवले, त्याविषयी तो काहीच सांगत नाही. रंगमंचावर ‘वन्स मोअर’मुळे दीर्घकाळ रंगणारे पद तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांत बसवावे लागे. ही हानी कोणतेही तंत्र भरून काढू शकत नाही.

दुसरी हानी गतीची. सर्वच जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नव्हत्या. ८० फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी ७८ ला वाजवली, तर गायकाची पट्टी अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्याने उतरते. पुढे हीच चूक हानिरहित पद्धतीने अत्यंत निष्ठेने जपली जाते!

तिसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. तबकडीच्या खरखरीचे अनुमान करता येत नाही. म्हणून खरखर असलेल्या ध्वनीची फाईल कमी आकसते आणि ‘स्वच्छ’ केलेल्या ध्वनीची अधिक. त्यामुळे स्वच्छ प्रतच सोयीची वाटते. परंतु खरखर काढताना शब्दोच्चारातील व्यंजनांची धार आणि तानेचे बारकावेही बोथट होऊ शकतात. अशा प्रतीचे हानिरहित संपीडन म्हणजे झालेल्या हानीचेच बिनचूक जतन होय.

निष्कर्ष

डीव्हीडी-ऑडिओ दशकभरात बाजारातून मागे पडली. याउलट २००१ मध्ये आलेली ‘फ्लॅक’ ही खुली हानिरहित पद्धत टिकली आणि २०२४ मध्ये तिला इंटरनेट मानकाच्या प्रक्रियेतून अधिकृत विनिर्देश मिळाला. यावरून जतनासाठी पद्धतीच्या श्रेष्ठतेइतकाच तिचा खुलेपणा महत्त्वाचा ठरतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान २४ बिट आणि ४८,००० नमुन्यांची शिफारस केली आहे. २४ बिट आणि ९६,००० नमुन्यांनी एका वाहिनीत उतरवलेल्या तीन मिनिटांच्या बाजूस, संपीडनाविनाही, सुमारे ५२ मेगाबाईट जागा लागते. त्यामुळे जागेच्या अभावाची सबब आज टिकत नाही.

म्हणून संस्कार न केलेली प्रत प्रथम ठेवावी. तिच्यासोबत गती, सुई आणि यंत्र यांची नोंद असावी. स्वच्छ केलेली प्रत वेगळी असावी आणि मूळ तबकडी कदापि टाकू नये. प्रतिसरकारच्या पिढीच्या आठवणी ज्या घरांत कॅसेटवर असतील, तेथेही हाच निकष लागू पडतो. ‘हानिरहित’ हा शब्द जतनाची हमी नव्हे. जतनाच्या शिस्तीतील तो केवळ शेवटचा टप्पा आहे.