‘विश्वासार्ह’ तक्रार : एका अहवालाचे वाचन

सरकारी अहवालास वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. परंतु ज्या लेखनातील एका विशेषणाने शेकडो माणसांचे म्हणणे नोंदीबाहेर राहू शकते, ते टीकाकाराने वाचावयाचे नाही तर कोणी? पुणे प्लेगसमितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांचा १८९७ चा अहवाल आम्ही हाती घेतला तो याच दृष्टीने.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत झालेल्या साथरोग कायद्याने सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार दिले होते. मार्चपासून गोरे व देशी मिळून आठशेहून अधिक सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरले. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत आणि अंथरूण-पांघरूण आगीत, असा तो बंदोबस्त होता. स्त्रियांच्या अब्रूस जाणूनबुजून धक्का लागल्याची एकही विश्वासार्ह तक्रार समितीकडे अथवा सैनिकांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, याबद्दल अहवालकर्त्याने समाधान नोंदविले आहे. वाक्य संयत आहे. ते सरळ खोटे आहे असेही म्हणता येत नाही. मात्र त्याचा सारा भार ‘विश्वासार्ह’ आणि ‘जाणूनबुजून’ या दोन शब्दांवर आहे. तक्रार विश्वास ठेवण्याजोगी आहे की नाही हे ठरविणार कोण? ज्यांच्या हुकुमाने झडती झाली तेच. ती न्यावयाची कोणाकडे? त्यांच्याकडेच. सैनिकाच्या मनातील हेतू ओळखणारेही पुन्हा तेच!

या विशेषणाची किंमत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मोजली. इंग्लंडात असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुराव्यासाठी नाव देण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. भित्र्या मित्रांनी त्यांना तोंडघशी पाडले, असे म्हणून हा प्रसंग निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ते पटत नाही. ज्या घरच्या बाईवर प्रसंग गुदरला, त्या घराने १८९७ साली नाव देऊन साक्षीस उभे राहावे, ही अपेक्षाच त्या विशेषणात दडलेली आहे.

रँड यांच्यावर अन्याय करावयाचा नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ साली. तोवर रँड यांचा खून होऊन वर्ष उलटत आले होते. अपुऱ्या ज्ञानावर निर्णय घेणे हा अपराध नव्हे. साथीत हात बांधून बसणे हाही एक निर्णयच असतो. आमची तक्रार निर्णयाविषयी थोडी आणि त्यामागून आलेल्या समाधानाविषयी अधिक आहे.

याच्या शेजारी दामोदर हरि चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त ठेवावे. भाषा धगधगीत, निवेदन बेधडक. राणीच्या पुतळ्यास डांबर फासल्याची कबुली देणारा हा लेखक प्लेगच्या आधीपासूनच संतापलेला होता, हे तो लपवीत नाही. धर्माचा व अब्रूचा अपमान त्याच्या पानापानांतून बोलतो. तापाने फणफणलेला रोगी मात्र येथेही कोपऱ्यातच पडून राहतो. एका लेखनात तो संख्या झाला, दुसऱ्यात निमित्त.

आम्हां देवास-धारकडच्या मंडळींना वेगळे उदाहरण जवळच, इंदुरास मिळते. १९१७ साली तेथे नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी प्लेगविरुद्ध शिपाई न पाठविता दिवाळीची मिरवणूक काढली. ज्या भागातील घरे अधिक स्वच्छ, त्या भागातून ती जाणार, असे आधीच जाहीर केले. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा मिरवून शेवटी जाळली. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, अशी हकीकत आहे. ती वाचून आम्ही हरखलो. मग ध्यानात आले की ही हकीकतही आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः स्वतः गेडेस आणि त्यांचे चरित्रकार यांच्या तोंडून. झाडू हाती धरणाऱ्या बाईस काय वाटले, हे आम्हांस ठाऊक नाही.

हे इतके सूक्ष्म वाचन आम्हांस सुचले त्याला खाजगी कारण आहे. १८९७ चाच कायदा २०२० मध्ये पुन्हा उपयोगात आला, तेव्हा आमच्या देवासच्या शाळेलाही कुलूप लागले. मोबाइलवरून वर्ग घेण्याचा निर्णय आम्ही एका दुपारी घेतला. कोणाच्या घरी मोबाइल नाही, हे विचारण्याचे राहून गेले. वर्षाअखेर वर पाठविलेल्या एकपानी अहवालाची प्रत आम्ही परवा कपाटातून काढली. ‘पालकांची कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य त्यात आमच्याच अक्षरात आहे. शाळेची तक्रारपेटी त्या वर्षभर जागच्या जागीच होती, म्हणजे कुलूप लावलेल्या फाटकाच्या आत.