समद्विभुज त्रिकोणाची सिद्धता : एक आक्षेप

बालभारतीच्या इयत्ता नववीच्या ‘गणित भाग २’ (२०१७) या पुस्तकात समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय शिरःकोनाचा दुभाजक काढून सिद्ध केले आहे. दुभाजकाने पडलेले दोन त्रिकोण बाकोबा कसोटीने एकरूप ठरतात व पायालगतचे कोन समान निघतात. कसोट्या आधीच स्वीकारलेल्या असल्यामुळे या मांडणीत तर्कदोष नाही. तथापि समानतेचे खरे कारण तीत झाकले जाते, असा आमचा आक्षेप आहे.

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’च्या पहिल्या भागात हे प्रमेय पाचवे आहे. कोनाचा दुभाजक नवव्या सिद्धान्तात येतो. नववा आठव्यावर, आठवा सातव्यावर आणि सातवा या पाचव्यावरच आधारलेला आहे. त्या क्रमात येथे दुभाजक वापरणे म्हणजे चक्रदोष होय. चौथ्या शतकातील पॅपसने, प्रोक्लसच्या साक्षीनुसार, एकही रेषा न वाढविता मार्ग काढला. त्याने अबक या त्रिकोणाची तुलना अकब या त्याच्याच उलट्या रूपाशी केली : अब = अक, अक = अब, कोन अ सामाईक; म्हणून कोन ब व कोन क समान. व्यत्यासही कोबाको कसोटीने तसाच सुटतो. पाठ्यपुस्तकात मात्र त्यासाठी पुन्हा दुभाजक व कोकोबा कसोटी योजावी लागली आहे.

त्रिकोणाची त्याच्याशीच तुलना हा विद्यार्थ्यांस शब्दच्छल वाटेल, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील डोंगरउतारांवर मिळते. हिवरे बाजारसारख्या गावांनी सलग समतल चर खोदून तेथे पाणी अडविले. असे चर आखण्याचे एक साधे साधन म्हणजे ‘ए’ अक्षराच्या आकाराची, समान पायांची लाकडी चौकट. माथ्यापासून सोडलेल्या ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीच्या मध्यखुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत आले असे समजावे. ही खूण ठरविण्यासाठी चौकट दोन बिंदूंवर ठेवून दोरीची जागा टिपतात. मग त्याच बिंदूंवर पायांची अदलाबदल करून दुसरी जागा टिपतात व दोहोंचा मध्य घेतात. ही अदलाबदल आणि पॅपसची अबक-अकब तुलना यांमागील कल्पना एकच आहे.

समानता दुभाजकाने निर्माण होत नाही. ती आकृतीच्या सममितीतच असते. पुढील आवृत्तीत पॅपसची सिद्धता प्रथम द्यावी आणि दुभाजकाची पर्याय म्हणून ठेवावी. प्रमेय पाठ होणे आणि ते पटणे यांतील अंतर त्यामुळे कमी होईल.