कोणाच्या वाट्याचे वाचवले?

शंकर शेष यांच्या कथेवरचा भीमसैन यांचा ‘घरौंदा’ (१९७७) आम्ही पुन्हा पाहिला. एकाच कचेरीत काम करणारे सुदीप आणि छाया मुंबईत लहानसा ब्लॉक घेण्यासाठी पै-पै जमवतात. तो मित्रांसोबत एका खोलीत दाटीवाटीने राहतो, ती भावाच्या भरल्या घरात. लग्न लांबणीवर पडते. मग बिल्डर पैसे घेऊन पसार होतो.

इथपर्यंतचे चित्रण अस्सल आहे. इथली साधी राहणी हौसेची नाही, नाइलाजाची आहे. पुढे मात्र सुदीपच छायाला आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करायला सुचवतो आणि घराचा प्रश्न प्रेमाच्या त्रिकोणात हरवतो. फसवणारा विसरला जातो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’त (१९६३) बेघर जोडपे पाइपात संसार मांडते, तिथे दिग्दर्शकाची नजर शहरावरून ढळत नाही. ‘घरौंदा’त ती ढळते, ही आमची तक्रार.

तरीही एका गोष्टीसाठी आम्ही या चित्रपटाचे ऋणी आहोत. चहा सोडला, नवे कपडे सोडले, ही काटकसर झाली. छाया ही सोडायची वस्तू नव्हती. आमच्या मोहल्ल्यांतही खोलीसाठी भिशी लावली, की आधी अम्मीचे औषध लांबते, मग मुलीची शाळा सुटते. किती वाचवले, हे सगळेच मोजतात. कोणाच्या वाट्याचे वाचवले, हेही मोजायला हवे.