इंग्रजीच्या तासाला मराठीचं काय काम?



मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाल्या, "सर, आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द निघाला तर मुलांना दंड आहे, आणि आम्हाला ताकीद. हे शास्त्रीय आहे का हो?" आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी एक पुस्तक समोर ठेवू : रॉबर्ट फिलिप्सन यांचं 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम', म्हणजे भाषिक साम्राज्यवाद. प्रकाशन १९९२.

फिलिप्सन हे काही काळ ब्रिटिश कौन्सिलच्या नोकरीत होते. म्हणजे टीका करणारा माणूस आतल्या गोटातला. ते आपल्याला १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे नेतात. तिथे राष्ट्रकुलाची, इंग्रजी कशी शिकवावी यावर परिषद भरली होती. युगांडाला तेव्हा स्वातंत्र्यही मिळालेलं नव्हतं, ते पुढच्या वर्षी मिळालं. त्या काळात या व्यवसायात पक्क्या झालेल्या पाच समजुती फिलिप्सन मांडतात. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक तो, ज्याची ती जन्मभाषा आहे. जितक्या लवकर सुरुवात तितकं चांगलं. जितकी जास्त तितकी चांगली. आणि दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सन या पाचही समजुतींना हेत्वाभास म्हणतात. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नाही, असं आमचं मत आहे.

पहिलीच समजूत घ्या. सातवीतला मुलगा वहीत लिहितो, 'मँगो लाइक्स मी'. आंब्याला मी आवडतो! सगळा वर्ग हसतो. पण त्या मुलाचं चुकलं कुठे? मराठीत आपण म्हणतो, 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, 'मी' बाजूला 'मला' होऊन उभा असतो. मुलाने ती रचना जशीच्या तशी इंग्रजीत नेली. म्हणजे तो विचार करत होता. ज्याला मराठी येते तो शिक्षक दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहील आणि दोन मिनिटांत गाठ सोडवील. ज्याला येत नाही, किंवा येऊनही बोलायची बंदी आहे, तो लाल रेघ मारील. लाल रेघेने चूक दिसते, चुकीचं कारण दिसत नाही.

आता दुसरी समजूत. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे, त्याला महिनाभराच्या प्रमाणपत्रावर परदेशात शिकवण्याची नोकरी मिळू शकते. इकडे वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंचा 'ॲक्सेंट' तपासला जातो. अहो, भाषा येणं वेगळं आणि ती कशी येते हे ठाऊक असणं वेगळं. जो स्वतः धडपडत ती भाषा शिकला, त्याला खड्डे कुठे आहेत ते माहीत असतं. आम्ही स्वतः तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलो. तिच्यात बोलण्याचा सराव नव्हता, हा दोष खरा. पण मराठी वाक्याचं इंग्रजी करताना दोन्ही भाषांची हाडं हाताला लागत, हेही तितकंच खरं.

इथवर आम्ही फिलिप्सन यांच्या बाजूचे. पुढे मात्र अडतो. त्यांच्या पुस्तकात इंग्रजी देणारा सगळीकडे आहे. मागणारा फार पुसट आहे. आपल्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच कवितेतून इंग्रजी शिकायला सांगितलं. त्यांना काय साम्राज्याची भुरळ पडली होती? ज्यांना ज्ञानाचं दार घरच्यांनीच बंद केलं होतं, त्यांना ही बाहेरची किल्ली दिसली. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हाही वाड्या-वस्त्यांवरच्या पालकांना ती हवीच होती. त्या मागणीला फसवणूक म्हणणं हा अन्याय आहे. फसवणूक मागणीत नाही, तिच्या नावावर जे विकलं जातं त्यात आहे. शिक्षक तयार न करता वय खाली आणायचं, आणि वर मराठीला दंड लावायचा.

मग पद्धत कोणती? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर आणि दक्षिणेतल्या इतर ठिकाणी शाळांमधून प्रयोग केला. मुलांना वेळापत्रक, नकाशे देऊन कोडी सोडवायला लावली. भाषा विचाराच्या ओघात यावी म्हणून. एवढं करून १९९०च्या लेखात ते म्हणतात की सर्वोत्तम अशी एक पद्धत नसतेच. शिक्षकाच्या मनाला काय पटलंय आणि ते पटणं अजून जागं आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. फिलिप्सन यांच्यात जे राहून गेलं ते आम्हाला इथे सापडतं. त्यांच्या पुस्तकात शिक्षक हा यंत्रणेचा दांडा आहे, प्रभूंकडे तो विचार करणारा माणूस आहे.

तर बाई, तुम्ही आज आला असाल, तर उत्तर असं. दंड शास्त्रीय नाही. इंग्रजी भरपूर बोला, मुलांना बोलू द्या. तासभर मराठीत अर्थ सांगत बसणं हीसुद्धा कामचुकारीच. पण पोराची गाठ मराठीत बसली असेल, तर ती मराठीत सोडवायला घाबरू नका. स्वतःच्या भाषेची लाज वाटायला लागलेला मुलगा दुसऱ्या भाषेतही खालच्या आवाजातच बोलतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, चाळीस वर्षं वर्गात पाहिलंय.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा, कोणत्याही भाषेत.